यामाहा वायझेड १२५, मॉडेल १९८१ : बॉडीच्या कामाच्या नोंदी

८ डिसेंबर २०२४, रविवार

क्रँक आणि बोअरचं, म्हणजे इंजिनाचं काम नाशिकच्या अंबडमधल्या मिस्त्रींकडे दिलंय, तिकडे घाई नाही. आजपासून या वहीत फक्त बॉडी: टाकी, दोन्ही मडगार्ड, साइड पॅनेल, पुढची नंबर प्लेट आणि सीट.

जुन्या मोटोक्रॉस, म्हणजे खडबडीत मातीतल्या शर्यतीच्या गाडीचं इंजिन उभं करणं त्यामानाने सोपं. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, सील, सगळं कुठे ना कुठे बनतं. प्लास्टिकचं तसं नाही. ते पहिल्याच मोसमात फुटायचं, दुसऱ्या मोसमात बदललं जायचं आणि जुनं चुलीत किंवा उकिरड्यावर जायचं. त्यामुळे गाडी वाचते, पण तिचा चेहरा गेलेला असतो.

अण्णांच्या गाडीवर सध्या काय आहे ते लिहून ठेवतो. टाकी निळ्या रंगाची, ब्रशने रंगवल्यासारखी. पुढचं मडगार्ड पिवळं, दोन बोल्टांपाशी चिरलेलं, टोक करवतीने कापलेलं. मागचं मडगार्ड कुठल्या तरी हल्लीच्या गाडीचं, तारेने बांधलेलं. उजवं साइड पॅनेल नाही, डावं आहे पण अर्धं. पुढची नंबर प्लेट नाहीच, तिथे एका स्कूटरच्या हेडलाइटची पट्टी.

अण्णांनी एकच सांगितलं, "चकचकीत नको रे, खरी पाहिजे."

१५ डिसेंबर

फ्रेम नंबरची सुरुवात ४व्ही२ अशी आहे. यामाहात हे तीन अक्षरांचं मॉडेल-चिन्ह सगळं सांगून जातं. ४व्ही२ म्हणजे १९८१चं वायझेड १२५ एच. त्याच वर्षीचं २५० ते ४व्ही३ आणि ४६५ ते ४व्ही४. पुढच्या वर्षीचं १२५, म्हणजे 'जे' अक्षराचं मॉडेल, ते ५एक्स४. पार्ट नंबरही याच चिन्हाने सुरू होतो आणि मधले पाच आकडे तो भाग कोणता ते सांगतात: २१५११ पुढचं मडगार्ड, २४११० टाकी. हे एकदा डोक्यात बसलं की विकणाऱ्याने "८० ते ८३ सगळ्यांना चालेल" असं कितीही छातीठोक लिहिलं तरी आपण फसत नाही.

साच्यातून निघताना हाच नंबर बऱ्याच भागांच्या मागच्या बाजूला उमटलेला असतो. पुढच्या मडगार्डाची आतली बाजू साबणाने धुतली, वाळवली. चाळीस वर्षांचा चिखल आणि दगडांचे ओरखडे, त्यात उघड्या डोळ्यांना काही दिसेना. मग पातळ ट्रेसिंग पेपर लावून त्यावर सहा-बी पेन्सिल आडवी धरून हलकेच घासली. आधी इंजेक्शन गेटचा, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात शिरतं त्या जागेचा, गोल डाग आला, मग आडवी रेघ आणि तिच्याखाली ४व्ही२-२१५११. शेवटचे दोन आकडे झिजलेत. मला एवढं पुरे आहे.

म्हणजे हे चिरलेलं, कापलेलं मडगार्ड अस्सल आहे. हे आता कचऱ्यात जाणार नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या साच्याचा एकुलता एक पुरावा माझ्या हातात आहे, बाकी सगळं याच्यावरून ठरेल.

२९ डिसेंबर

टाकी. आधी पाण्याने भरून रिकामी केली, पुन्हा भरली, दोन दिवस उन्हात उघडी ठेवली. पेट्रोलचा वास पूर्ण जाईपर्यंत हत्यार लावायचं नाही, हा आमच्या टूलरूमचा नियम घरीही पाळतो.

निळा रंग काढायला काही विशेष करावं लागलं नाही. ही टाकी पॉलिइथिलीनची आहे आणि त्यावर साधा रंग धरतच नाही. प्लास्टिकच्या पट्टीने कड उचलली की सालीसारखा सुटत गेला. थिनर लावायची गरज नव्हती आणि मी लावलाही नसता.

खाली पिवळा. वरच्या बाजूला उन्हाने फिका झालेला, जवळजवळ लिंबासारखा. पण टाकीच्या पोटात जी लांब पन्हळ आहे तिथे पिवळा अगदी गडद, अंड्याच्या बलकाकडे झुकणारा. प्लास्टिकमध्ये रंग आतपर्यंत मिसळलेला असतो, त्यामुळे जिथे ऊन पोचलं नाही तिथे मूळ छटा तशीच राहते. अण्णांची गाडी अमेरिकन बाजाराची होती हेही यावरून कळलं. त्या वर्षांत अमेरिकेत वायझेड पिवळी विकली जायची. युरोपात पांढरी-लाल होती, १९८३ची ५०० ची जागतिक स्पर्धा हाकान कार्लक्विस्टने जिंकली ती तशाच पांढऱ्या-लाल यामाहावर. अमेरिकेत पांढरी-लाल आली १९८५ला.

ती पन्हळ का आहे, तेही लिहितो, कारण टाकी शोधताना तीच अडचण येते. लूसिएन टिल्केन्स नावाच्या बेल्जियन माणसाने मागच्या चाकाचे दोन शॉक काढून एकच लांब शॉक टाकीखाली आडवा बसवला. यामाहाने ती कल्पना घेतली आणि १९७३ला हाकान अँडरसनने त्यावर २५०ची जागतिक स्पर्धा जिंकली. १९८१च्या १२५ला अजून तीच पद्धत होती, शॉक फ्रेमच्या कण्याला लागून टाकीखालून जातो आणि टाकी त्यावर घोड्याच्या खोगिरासारखी बसते. १९८२ला 'जे' मॉडेलमध्ये लिंकेज, म्हणजे शॉक आणि चाकामधली दांड्यांची जोडणी आली, फ्रेम बदलली. वरून सारखी दिसणारी टाकी म्हणूनच खाली बसत नाही.

आपली टाकी धड आहे. झाकणाच्या आट्यांपाशी एक केसासारखी रेघ आहे, ती बघावी लागेल.

५ जानेवारी २०२५

सकाळी अंबड लिंक रोडचा भंगार बाजार. २०१७ला महापालिकेने इथलं अतिक्रमण काढलं तेव्हा वाटलं होतं बाजार संपला, पण दुकानं पुन्हा बसली.

१९८१च्या वायझेडचं मडगार्ड इथे मिळेल अशी अपेक्षा कोणी करत नाही. मला हवं होतं वेल्डिंगचं सामान. पॉलिप्रॉपिलीनचं मडगार्ड पॉलिप्रॉपिलीनच्याच काडीने जोडावं लागतं, दुसरं प्लास्टिक त्यावर चिकटल्यासारखं दिसतं आणि पहिल्या धक्क्याला सुटतं. बाजारात काड्या मिळतात त्या काळ्या नाहीतर राखाडी. पिवळी जोडणी पाहिजे तर पिवळंच प्लास्टिक पाहिजे.

नेहमीच्या चाचांकडे ढिगाऱ्यात डर्ट ट्रॅकवाल्या पोरांनी टाकलेलं एक फुटकं पिवळं मडगार्ड मिळालं. कोणत्या गाडीचं ते महत्त्वाचं नाही. तुकडा कापून पाण्याच्या बाटलीत टाकला, तरंगला. पॉलिप्रॉपिलीनची घनता ०.९ च्या आसपास, पाण्यापेक्षा हलकं. एबीएस हे दुसरं प्लास्टिक असतं तर बुडालं असतं. मग एक कोपरा जाळून पाहिला: विझलेल्या मेणबत्तीसारखा वास, काजळी नाही. चाचा म्हणाले, "क्या ढूंढ रहे हो बेटा, सोना?" मी म्हटलं, "चाचा, सोन्यापेक्षा महाग आहे." त्यांनी वजनावर दिलं.

घरी येऊन त्याच्या चार-चार मिलिमीटरच्या पट्ट्या पाडल्या. छटा आपल्या गडद पिवळ्याच्या जवळ जाते, ट्यूबलाइटखाली तर फरकच कळत नाही. उन्हात नेली की थोडी हिरवट वाटते. रंग जुळवायचा तो दुपारच्या उजेडात, हे मोल्डिंगमध्ये वीस वर्षं काढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. जोड खालच्या बाजूनेच येणार असल्याने चालेल.

१४ जानेवारी, संक्रांत

गच्चीवर पोरं पतंगात, मी खाली हॉट एअर गनमध्ये.

पुढच्या मडगार्डाच्या चिरा खालून उघडल्या, म्हणजे व्ही आकाराची खाच केली, टोकाला दोन मिलिमीटरचं भोक पाडलं, नाहीतर चीर पुढे चालत राहते. पट्टी आणि मडगार्ड दोन्ही एकाच वेळी मऊ व्हायला हवेत. पॉलिप्रॉपिलीन १६० ते १६५ अंशांना वितळतं, त्याच्या जरा पुढे गेलं की चकाकतं आणि खाली ओघळायला लागतं. पट्टीच्या दोन्ही कडांना बारीक मण्यासारखी किनार उठली की जोड धरला असं समजायचं. वरच्या बाजूला चीर रेघेसारखी दिसते. ती तशीच ठेवली, घासून काढली नाही.

मडगार्ड दुमडलं की तिथे पांढरी शीर उठते. ती घाण नसते, प्लास्टिकच्या आत सूक्ष्म पोकळ्या उघडलेल्या असतात. त्यावर गन हलती ठेवली तर शीर कडेकडून आत सरकत नाहीशी होते आणि पिवळा पुन्हा भरून येतो. हे कितीही वेळा पाहिलं तरी हात थांबतो.

कापलेलं टोक नव्याने जोडायचं की नाही, त्यावर अण्णांशी बोलायचंय.

१९ जानेवारी

अण्णांचे शेजारी येऊन गेले. त्यांचं म्हणणं, एवढी धडपड कशाला, सारडा सर्कलच्या डेंटरकडून ॲल्युमिनियमच्या पत्र्याची मडगार्डं ठोकून घ्या, जुन्या गाडीला पत्रा शोभतो. माणूस मनापासून सांगत होता म्हणून नीट उत्तर दिलं.

साठच्या दशकातल्या स्क्रॅम्बलर गाडीला पत्रा शोभतो. तेव्हा मडगार्डं ॲल्युमिनियमची, लोखंडाची, फायबरची असायची, पडलं की वाकायची, चाकात घुसायची. सत्तरच्या सुरुवातीला प्रेस्टन पेटी या अमेरिकन स्वाराने वाकून पुन्हा सरळ होणारी प्लास्टिकची मडगार्डं बाजारात आणली आणि सगळं बदललं. इटलीत असंच प्लास्टिक बनवणारी आचेर्बिस कंपनी १९७३ला सुरू झाली, यूएफओ १९७७ला. १९८१ येईपर्यंत मोटोक्रॉसच्या गाडीवर पत्र्याचं मडगार्ड म्हणजे भलत्याच काळाची वस्तू. जुनं आहे म्हणून त्याच काळाचं ठरत नाही. उलट त्या काळच्या स्वाराने कंपनीचं मडगार्ड फुटल्यावर आचेर्बिसचं लावलं असतं तर ते मी खुशाल बरोबर धरीन, कारण तेव्हा तसंच करायचे. नव्या गाडीचं धारदार कोपऱ्यांचं मडगार्ड मात्र मला चालत नाही, बोल्ट जुळले तरीही.

अण्णा ऐकत होते. शेवटी म्हणाले, "टोक मीच कापलं होतं. सिन्नरकडच्या मैदानात माती काळी होती, चाकात भरायची."

मग टोक जोडणार नाही. ते या गाडीचंच आहे. कापलेली कड फक्त गोल करतो.

९ फेब्रुवारी

मागचं मडगार्ड अमेरिकेत ओहायोच्या एका माणसाकडे मिळालं. वापरलेलं, फिकं, पण अखंड, आणि आतल्या बाजूच्या नंबराचा फोटो त्याने मागितल्यावर लगेच पाठवला. पैसे पाठवले. कुरिअर आणि कस्टम ड्युटी धरून आकडा मडगार्डाच्या किमतीच्या वर जातो. घरात अजून बोललो नाही.

२ मार्च

साइड पॅनेलची जोडी दुसऱ्या एका विक्रेत्याकडून आली. जाहिरातीत १९८१ लिहिलेलं, पिशवीवरच्या चिठ्ठीवरही १९८१. पॅनेल उलटं केलं तर आत ५एक्स४. म्हणजे १९८२चं. मी आधीच नंबराचा फोटो मागितला होता, त्याने पुढच्या बाजूचे चार फोटो पाठवून "खात्रीशीर" असं लिहिलं होतं. फ्रेमला लावून पाहिलं: वरचा बोल्ट बसतो, खालची खुंटी बोटभर बाजूला.

भोक सरकवून बसवता येईल, आणि लांबून कोणाला कळणारही नाही. पण मग पुढच्या माणसाला वाटेल १९८१चं पॅनेल असंच असतं, तो याचा फोटो पाहून आणखी एक चुकीचं घेईल. जुन्या गाड्यांमध्ये चुका अशाच पक्क्या होत गेल्यात. जोडी परत केली. परतीचा खर्च आमच्याकडूनच गेला.

डावं अर्धं पॅनेल अस्सल आहे. त्याचं काय करता येतं ते पाहतो.

१९ मार्च, रंगपंचमी

जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंग खेळायचे जुने हौद उघडले, पोरगा दुपारी पिवळाधमक होऊन घरी आला. काम बंद.

मात्र अण्णांचा फोन आला. माळ्यावर गोणपाटात काहीतरी सापडलंय, येऊन जा म्हणाले.

२३ मार्च

गोणपाटात पुढची नंबर प्लेट. अर्धी.

अण्णांनी गाडी शर्यतीच्या मैदानापर्यंत रस्त्याने चालवत न्यायला हेडलाइट लावला, तेव्हा प्लेट उभी कापली आणि उजवा अर्धा फेकला. डावा अर्धा कशासाठी तरी ठेवला. कशासाठी, ते त्यांनाही आठवत नाही. मी त्यांचे पाय धरायचेच बाकी ठेवले.

ही प्लेट साधी नाही. १९८१ हे १२५च्या वर्गात पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचं वर्ष. यामाहाच्या कारखान्याच्या खास गाड्यांवर ते आधीच होतं, बॉब हॅना १९७६ला अमेरिकेची १२५ची स्पर्धा वॉटर-कूल्ड यामाहावर जिंकला. पण दुकानातून विकत घेता येणाऱ्या वायझेडवर ते एच मॉडेलला आलं. तेव्हा रेडिएटर फ्रेमवर ठेवायची पद्धत बसायची होती. त्यांनी तो स्टिअरिंगवर, फोर्कच्या क्लॅम्पसमोर टांगला आणि नंबर प्लेटच त्याचं झाकण केली. म्हणून तिला हवेच्या फटी आहेत. पुढे रेडिएटर फ्रेमवर गेला आणि प्लेट पुन्हा सपाट झाली. या एका भागावरून हे मॉडेल लांबून ओळखू येतं आणि नेमका हाच भाग मला नवा कुठेही मिळालेला नाही.

अर्ध्या तुकड्यात तीन फटी शाबूत आहेत. प्रत्येक फटीची वरची ओठासारखी कड बाहेर आलेली, खालची आत गेलेली, हवा वळून आत जावी म्हणून. कडेला काळ्या रेग्झिनसारख्या स्टिकरचा तुकडा चिकटलेला. तोही बोलतो: आंतरराष्ट्रीय नियमात १२५ला काळी प्लेट आणि पांढरा आकडा, २५०ला हिरवी आणि पांढरा, ५००ला पिवळी आणि काळा. अण्णांनी नियमानेच लावला होता.

१३ एप्रिल

प्लेट दोन्ही बाजूंनी सारखी आहे, म्हणून अर्धी पुरते. ओळखीच्या टूलरूममध्ये स्कॅन करून आरसा-प्रतिमा जोडली. मधली कापलेली दोनेक मिलिमीटरची करवतीची जागा बोल्टांच्या अंतरावरून भरून काढली, कारण क्लॅम्पवरचे बोल्ट मूळचे आहेत आणि ते खोटं बोलत नाहीत.

इंजेक्शनची डाय, म्हणजे धातूचा साचा, एका प्लेटसाठी करणं म्हणजे लाखांत जाणं. फायबरची करता आली असती, पण फायबर कडक असतं, पडल्यावर तडकतं, आणि त्याचे काचेसारखे तुकडे रेडिएटरवर जातील. म्हणून व्हॅक्यूम फॉर्मिंग: एमडीएफचा, म्हणजे दाबलेल्या लाकूडभुशाचा ठोकळा कोरायचा, त्यावर तापलेली शीट ओढायची.

इथे आकसण्याचा हिशेब येतो, आणि जुन्या भागांच्या नकला का बसत नाहीत ते इथेच कळतं. पॉलिइथिलीन थंड होताना दोन-तीन टक्के आकसतं. साधारण २४० मिलिमीटर रुंदीच्या प्लेटमध्ये ते पाच-सात मिलिमीटर झाले. जो कोणी अस्सल भागावरून थेट साचा काढतो आणि त्यात नवा भाग ओततो, त्याचा भाग तेवढाच लहान येतो. त्या नकलेवरून कोणी पुन्हा साचा काढला तर आणखी लहान. मग भोकं जुळत नाहीत आणि लोक म्हणतात फ्रेम वाकली असेल. आमच्या धंद्यात हा पहिल्या महिन्यातला धडा. ठोकळा अडीच टक्के मोठा कोरला.

११ मे

पहिल्या शीटमध्ये कोपरे कागदासारखे पातळ आले. तीनऐवजी चार मिलिमीटरची शीट घेतली, ठोकळ्याच्या कोपऱ्यांना थोडी त्रिज्या दिली आणि शीट जास्त वेळ सावकाश तापवली. पॉलिइथिलीन १३० अंशांच्या आसपास एकदम पारदर्शक होऊन लोंबतं, त्या घटकेला ओढावं लागतं. शेडमध्ये बाहेरचं ऊन आणि आतले हीटर, सगळ्यांचे शर्ट भिजले, पण प्लेट आली. फटी राउटरवर, म्हणजे फिरत्या पात्याच्या यंत्रावर कापल्या, ओठ मात्र गन आणि लाकडी पट्टीने एकेक करून वळवले. जुन्या तुकड्याशेजारी ठेवल्यावर ओठांची उंची जुळते. बोल्ट हाताने आत गेले.

याच रीतीने उजवं साइड पॅनेल. डाव्याचा हरवलेला भाग ओहायोवाल्याने पाठवलेल्या मापांवरून पुरा केला. मागितलंही नव्हतं, त्याने स्वतःच्या गाडीचं पॅनेल काढून पट्टी ठेवून फोटो काढले. त्याचं मागचं मडगार्डही गेल्या महिन्यात नीट पोचलं, ४व्ही२च आहे.

नव्या दोन्ही भागांच्या आतल्या बाजूला मी माझं चिन्ह आणि "२०२५" कोरलंय, म्हणजे पुढे कोणी यांना अस्सल म्हणून विकणार नाही.

२२ जून

पाऊस. रंगपॉलिशचं काम घरात आणलं.

जुन्या मडगार्डांचा वरचा फिका थर ब्लेडने आडवा खरवडला, मग २२० पासून १००० पर्यंतचे पेपर पाण्यात. खोल ओरखडे सोडून दिले. सगळं घासलं असतं तर नवीन दिसलं असतं, पण जाडी गेली असती आणि आतला नंबर वगळता जुनेपणाची खूण उरली नसती. टाकी तर फक्त धुतली आणि हलकं पॉलिश. फिकी बाजू फिकीच आहे.

सीटचा फोम भद्रकालीच्या एका सीटवाल्या मामांकडे दिला होता. जुन्या स्टेपलांखाली काळ्या रेग्झिनची चिंधी निघाली, तिच्या दाण्याशी जुळणारं रेग्झिन मामांनी स्वतः शोधलं.

१३ जुलै

टाकीवरचे स्टिकर. पॉलिइथिलीनमधून पेट्रोलची वाफ हळूहळू झिरपते आणि स्टिकरखाली फुगे येतात, हे तेव्हाही व्हायचं. म्हणून स्टिकरला बारीक सुईने दाट भोकं पाडून चिकटवले, कडा गनने दाबल्या. आता पंपावर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, त्यामुळे गाडी उभी असताना टाकी रिकामीच ठेवायची असं ठरवलंय. झाकणाजवळची रेघ दाबून तपासली, गळत नाही.

३ ऑगस्ट

सगळं एकत्र बसवलं. पुढचं मडगार्ड कापलेल्या टोकासह, मागचं ओहायोचं, डावं पॅनेल अर्धं जुनं अर्धं नवं, उजवं नवं, प्लेट नवी. पाच भागांचे पाच पिवळे आहेत आणि दिवसाउजेडी ते कळतात. ते एकसारखे करायचा माझा विचार नाही.

अण्णांनी प्लेटच्या फटींवरून बोट फिरवलं आणि आकडा ३७ टाक म्हणाले. काळ्यावर पांढरा, हाताने कापलेला, छापलेला नाही.

राहिलेलं: प्लेट आणि रेडिएटर यांच्यामधले रबराचे बुश, लेथवर डाय करून घ्यावे लागतील. उजव्या पॅनेलची खालची खुंटी अजून अर्धा मिलिमीटर जाड आहे. डावा अर्धा जुना तुकडा अण्णांना परत द्यायचा. आणि ४व्ही२च्या प्लेटचं स्कॅन ओहायोवाल्याला पाठवायचं, त्याची प्लेट उजव्या कडेला फुटलेली आहे.